यंत्राला स्मरणशक्ती देणारा गणिती

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाताशी गेल्या काही वर्षांत एक नवा मदतनीस आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा हा मदतनीस सांगितला तसा कोड लिहितो, जुन्या कोडमधल्या चुका शोधतो, चाचण्याही चालवून पाहतो. पण त्याची एक खोड आहे. दिवसभर त्याला जे समजावून सांगितले, ते दुसऱ्या दिवशी नवे सत्र उघडले की पाटी पुसावी तसे पुसलेले असते. कोणता डेटाबेस वापरायचा, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही, गेल्या आठवड्यात एखादा उपाय का सोडून दिला, हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. एका सत्रातून दुसऱ्या सत्रात टिकेल अशी स्मृती या मदतनिसाला कशी द्यायची, यावर सध्या बरेच काम चालू आहे.

साधन नवे असले तरी प्रश्न जुना आहे. यंत्राला स्मृती हवी, ती किती मोठी असावी, तिच्यात काय ठेवावे आणि हवे ते किती वेळात हाती यावे, याचा विचार जॉन फॉन नॉयमन या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने ८० वर्षांपूर्वी कागदावर मांडला. आजच्या जवळपास प्रत्येक संगणकाची मूळ रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्वतः नॉयमन यांची स्मरणशक्ती सहकाऱ्यांच्या कौतुकाचा विषय होती. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत मात्र आपली बुद्धी आपल्याला सोडून जात असल्याचे त्यांना स्वतःच पाहावे लागले.

बुडापेस्टचे बालपण

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधल्या एका सधन ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव यानोश. वडील मिक्सा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. १९१३ मध्ये त्यांना सम्राटाकडून उमरावकी मिळाली आणि पुढे जर्मनीत नावात ‘फॉन’ आले. तीन भावांत यानोश थोरले. लहानपणी ते वडिलांशी प्राचीन ग्रीक भाषेत थट्टामस्करी करत, टेलिफोन डिरेक्टरीचे पान एकदा नजरेखालून घातले की त्यावरची नावे आणि क्रमांक सांगत, अशा गोष्टी प्रसिद्ध आहेत. अशा गोष्टींना थोडाफार मीठमसाला लागलेला असतोच. पण मोठेपणीच्या गोष्टींना साक्षीदार आहेत. पुढे संगणकाच्या कामात सोबत असलेले हर्मन गोल्डस्टाइन यांनी एकदा परीक्षा म्हणून त्यांना चार्ल्स डिकन्सच्या एका कादंबरीची सुरुवात कशी होते ते विचारले. नॉयमन यांनी पहिले प्रकरण मुखोद्गत असल्यासारखे म्हणायला सुरुवात केली. दहा-पंधरा मिनिटांनी गोल्डस्टाइन यांनीच त्यांना थांबवले.

या स्मरणशक्तीला दुसरी बाजूही होती. वर्षांपूर्वी वाचलेले पुस्तक ज्यांना पानोपान आठवे, त्यांना दुपारी काय जेवलो ते सांगता येत नसे, असे त्यांची पत्नी क्लारा सांगत. घरातले पाण्याचे पेले कोठे ठेवलेले असतात, हे त्याच घरात वर्षानुवर्षे राहूनही त्यांना ठाऊक नव्हते, असाही किस्सा आहे.

किस्सा हसण्यासारखा असला तरी त्यात वैद्यकशास्त्राने पुढे सिद्ध केलेली एक गोष्ट दडलेली आहे. स्मृती ही एकच एक शक्ती नाही. क्षणभर डोक्यात धरून ठेवायचा फोन नंबर, काल घडलेला प्रसंग, शाळेत पाठ केलेले पाढे आणि सायकल चालवण्याचे कसब, हे सगळे मेंदू वेगवेगळ्या वाटांनी सांभाळतो. एक वाट उत्तम आणि दुसरी कच्ची, असे होऊ शकते. आजच्या एआय मदतनिसाचे नेमके हेच झाले आहे. प्रशिक्षणाच्या काळात त्याने अफाट मजकूर आणि कोड पचवलेला असतो, म्हणून कोणत्याही भाषेतला प्रोग्रॅम तो झरझर लिहितो. काल आपल्याशी काय बोलणे झाले, हे मात्र त्याला आठवत नाही. डिकन्स पाठ, पण दुपारचे जेवण विसरलेले.

शिक्षणातही नॉयमन यांनी एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवला आणि पडले नाहीत. गणितात पोट भरणार नाही, अशी वडिलांना धास्ती होती. म्हणून त्यांनी आधी बर्लिनला आणि मग झुरिकला रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणिताच्या परीक्षा दिल्या. १९२६ मध्ये झुरिकची पदविका आणि बुडापेस्टची डॉक्टरेट अशी दोन्ही पदरात पडली. त्यानंतर गटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सहवासात काम, १९३० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनचे बोलावणे आणि १९३३ मध्ये तिथल्या नव्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’त प्राध्यापकपद. आइन्स्टाइन तिथे त्यांचे सहकारी होते. तिशी गाठण्याआधीच क्वांटम यांत्रिकीच्या गणिती पायावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. हिटलरच्या उदयानंतर युरोपात परतण्याचा प्रश्न उरला नाही. १९३७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

रेल्वे फलाटावरची भेट

दुसऱ्या महायुद्धात नॉयमन लॉस अलामॉस येथील अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे सल्लागार होते. स्फोटाच्या लाटा आतल्या दिशेने सारख्या दाबाने कशा पोहोचतील, याची समीकरणे कागद-पेन्सिलीने सुटणारी नव्हती. मोठ्या आकडेमोडीचे साधन त्यांना हवेच होते. १९४४ च्या उन्हाळ्यात मेरिलँडमधील अ‍ॅबर्डीन स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना त्यांची गोल्डस्टाइन यांच्याशी गाठ पडली. गोल्डस्टाइन तेव्हा लष्करात अधिकारी होते. गप्पा हवापाण्याच्या चालल्या होत्या. फिलाडेल्फियात सेकंदाला ३३३ गुणाकार करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार होत असल्याचे गोल्डस्टाइन बोलता बोलता सांगून गेले आणि संभाषणाचा नूरच पालटला. डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखे आपल्याला वाटले, असे गोल्डस्टाइन यांनी नंतर लिहिले.

ते यंत्र म्हणजे ‘एनिअ‍ॅक’. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली यांच्या नेतृत्वाखाली ते बांधले जात होते. सुमारे १८ हजार निर्वात नळ्या, एका मोठ्या दालनाच्या भिंती भरून टाकणारा पसारा आणि डोळे दिपवणारा वेग. पण या अजस्र यंत्राला एका वेळी ध्यानात ठेवता येत होते ते दहा-दहा अंकांचे केवळ २० आकडे. आणि काय करायचे, याच्या सूचना तर त्याच्या आत नव्हत्याच. त्या तारांच्या जोडण्यांत आणि बटणांच्या स्थितीत होत्या. गणित बदलले की माणसांनी शेकडो तारा उपसून नव्याने खोचायच्या. गणित सोडवायला मिनिटे पुरत, पण ते यंत्राला समजावून सांगायला दिवस लागत.

वेग अफाट, पण प्रत्येक नवे काम कोऱ्या पाटीवर. आजच्या मदतनिसाबद्दलची तक्रार याहून फारशी वेगळी नाही.

टिपण आणि त्यावरचे नाव

एनिअ‍ॅक पूर्ण होण्याआधीच त्याच्या पुढच्या यंत्राची, ‘एडव्हॅक’ची चर्चा सुरू झाली होती. नव्या यंत्रात मोठी स्मृती हवी, यावर सगळ्यांचे एकमत होते. त्यासाठीची युक्ती एकर्ट यांची होती. रडारच्या कामात त्यांनी पाऱ्याने भरलेल्या नळ्या वापरल्या होत्या. नळीच्या एका टोकाला ध्वनीचे स्पंद सोडायचे, ते पाऱ्यातून सावकाश दुसऱ्या टोकाला पोहोचले की पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडायचे. जोवर हे चक्र चालू, तोवर आकडे जिवंत. वीज गेली की सारे गेले.

या चर्चांत नॉयमन यांनी मोलाची भर घातली. ती म्हणजे नेमक्या तार्किक मांडणीची. लॉस अलामॉसला असताना त्यांनी हाताने लिहून पाठवलेली टिपणे गोल्डस्टाइन यांनी टाइप करून घेतली. ३० जून १९४५ ही तारीख असलेल्या त्या १०१ पानांच्या मसुद्यात यंत्राचे भाग एखाद्या शरीराच्या अवयवांसारखे मांडलेले आहेत. गणिते करणारा भाग, नियंत्रण ठेवणारा भाग, माहिती आत घेणारा आणि बाहेर देणारा भाग, आणि स्मृती. वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींचे एक गणिती प्रारूप मांडले होते, त्याचा आधार नॉयमन यांनी घेतला. यंत्राच्या या भागाला ‘मेमरी’ हा माणसाच्या मनासाठीचा शब्द चिकटण्यात या मसुद्याचा मोठा वाटा आहे. आकडे आणि सूचना एकाच स्मृतीत ठेवायच्या, ही त्यातली कळीची गोष्ट. मग काम बदलायला तारा उपसायला नकोत, स्मृतीतला मजकूर बदलला की झाले.

मसुदा अपुरा होता. संदर्भांसाठी सोडलेल्या जागाही भरायच्या राहिल्या होत्या. शीर्षकातच तो पहिला मसुदा असल्याचे म्हटले होते. पण गोल्डस्टाइन यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या, त्या हातोहात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पोहोचल्या. मुखपृष्ठावर नाव एकच होते, नॉयमन यांचे. एकर्ट आणि मॉक्ली यांचा उल्लेख नव्हता. ही गोष्ट त्या दोघांना आयुष्यभर डाचत राहिली. मसुदा आधीच जाहीर झाल्यामुळे त्यातल्या कल्पनांवर त्यांना पेटंटही घेता आले नाही. एनिअ‍ॅकचे पेटंट अमेरिकी न्यायालयाने १९७३ मध्ये रद्द ठरवले, तेव्हाही हा मसुदा पुराव्यात होता. अनेकांच्या चर्चेतून आकाराला आलेली रचना जगात ‘फॉन नॉयमन रचना’ म्हणूनच रुजली.

आज यंत्राच्या टिकाऊ स्मृतीचा विचार करताना ही जुनी हकिगत विसरून चालत नाही. तात्पुरते म्हणून लिहिलेले टिपण एकदा टिकले की त्याचा अधिकार वाढत जातो. ते अर्धवट होते, कोणाच्या तोंडून आलेले होते, काय गाळले गेले होते, हे तपशील गळून पडतात आणि उरलेला मजकूर सत्य म्हणून चालू लागतो.

स्मृतीची उतरंड

युद्ध संपल्यावर नॉयमन यांनी प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. शुद्ध सिद्धान्ताच्या त्या संस्थेत सोल्डरिंगची माणसे आलेली अनेक प्राध्यापकांना रुचले नाही. १९४६ मध्ये आर्थर बर्क्स, गोल्डस्टाइन आणि नॉयमन यांनी या यंत्राचा आराखडा लिहिला. यावेळी नावे तिघांची होती. त्यात स्मृतीबद्दलचा जो विचार आहे, तो आजही शिकवला जातो.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. स्मृती अमर्याद मोठी असावी आणि तिच्यातले काहीही क्षणात हाती यावे, हे आदर्श झाले. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र मिळत नाही. जलद स्मृती महाग आणि म्हणून लहान असते. मोठी स्मृती स्वस्त पण संथ असते. तेव्हा एकीखाली एक अशा स्मृतींचे थर करायचे. घरात मडक्यांची उतरंड असते, वर लहान आणि खाली मोठे, तशीच ही रचना. वरच्या लहान मडक्यात आत्ता लागणारे, खालच्या मोठ्या मडक्यांत पुढे कधीतरी लागणारे. सगळ्यात वर वेगवान इलेक्ट्रॉनिक स्मृती, तिच्याखाली चुंबकीय तारेवर किंवा फितीवर नोंदलेली माहिती, आणि सर्वांत खाली यंत्राबाहेर कपाटात ठेवलेला, गरजेनुसार माणसाने आणून लावायचा साठा.

प्रिन्स्टनच्या यंत्रात वरच्या मडक्यात ४० कॅथोड किरण नळ्या होत्या. प्रत्येकीच्या पडद्यावर १०२४ बिंदूंवर विद्युतभार साठवायचा. हा भार क्षणात झिरपून जाई, म्हणून तो सतत पुन्हा भरत राहावे लागे. सगळी मिळून स्मृती आजच्या भाषेत पाच किलोबाइट. फोनमधल्या एका लहान छायाचित्रालाही एवढी जागा पुरत नाही. १९५२ मध्ये हे यंत्र जाहीरपणे कामाला लागले. त्याचे आराखडे कोणालाही खुले होते, त्यामुळे इलिनॉय, लॉस अलामॉस, सिडनी, इस्रायल अशा ठिकाणी त्याची भावंडे जन्मली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा भारतातला सुरुवातीचा संगणकही याच घराण्यातला. त्याचाही शब्द ४० बिटांचाच होता.

वरचे मडके लहान असण्याची किंमत नॉयमन यांनी स्वतः मोजली होती. १९५० मध्ये त्यांनी हवामानतज्ज्ञ ज्यूल चार्नी आणि सहकाऱ्यांसोबत एनिअ‍ॅकवर हवामानाचे पहिले संगणकीय अंदाज काढले. २४ तासांचा अंदाज काढायला जवळपास २४ तासच लागले. यातला बराच वेळ पंचकार्डे आत घालणे, बाहेर काढणे आणि लावणे यातच गेला, कारण मधले आकडे यंत्राच्या पोटात मावत नव्हते.

या काळातल्या प्रोग्रॅमिंगमध्ये एक नाव क्लारा यांचेही आहे. नॉयमन यांच्याशी १९३८ मध्ये विवाह झालेल्या क्लारा डान यांचे गणिताचे उच्च शिक्षण झाले नव्हते. तरी एनिअ‍ॅकवर अणुभौतिकीतील आकडेमोडीचे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले आणि जगातल्या पहिल्या कोडरांमध्ये त्यांची गणना होते. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याची वाट आकृतीत काढून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला आणि आपल्यालाही महिन्याभराने तो कळेल, ही शिस्त नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांच्या १९४७-४८ च्या अहवालांतून रूढ झाली. यंत्राला स्मृती दिली तरी माणसांनी माणसांसाठी टिपण ठेवण्याची गरज संपली नव्हती.

मेंदूचा हिशेब

१९५५ मध्ये येल विद्यापीठाने नॉयमन यांना मानाच्या सिलिमन व्याख्यानांसाठी बोलावले. विषय त्यांच्या मनात अनेक वर्षे घोळत होता: संगणक आणि मेंदू. त्या व्याख्यानांच्या हस्तलिखितात त्यांनी मानवी स्मृतीचा एक हिशेब मांडला आहे. मेंदूत १ हजार कोटी चेतापेशी आहेत, प्रत्येक पेशी सेकंदाला सुमारे १४ नोंदी घेते आणि माणूस ६० वर्षे जगतो असे धरले, तर एकूण नोंदी २८ वर १९ शून्ये इतक्या बिट भरतात.

आज मेंदूतील चेतापेशींची संख्या ८६०० कोटींच्या आसपास मानली जाते, तरीही हा आकडा अवास्तव मोठा वाटतो. कारण त्यामागे नॉयमन यांचे एक गृहीत होते: मेंदू खरे तर काहीच विसरत नाही, आठवणी फक्त नजरेआड होतात. ज्याला डिकन्स शब्दशः आठवत होता, त्याला असे वाटणे स्वाभाविक होते. पण पुढच्या संशोधनाने चित्र बदलले. मेंदू टिपून घेणारी फीत नाही. तो निवडतो, सारांश करतो, जोडतो आणि बरेच काही सोडून देतो. सोडून देणे हा त्याचा दोष नसून कामाचाच भाग आहे. मात्र वापराने चेतापेशींचा प्रतिसाद आणि त्यांच्यातली जोडणी बदलत असावी आणि स्मृती तिथे वसत असावी, ही शक्यता त्याच हस्तलिखितात आहे. संशोधन पुढे त्याच दिशेने गेले.

ज्या वर्षी नॉयमन गेले, त्याच वर्षी म्हणजे १९५७ मध्ये, विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिलनर यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अपस्माराचे तीव्र झटके थांबवण्यासाठी १९५३ मध्ये एका तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला होता. वैद्यकीय साहित्यात तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याची बुद्धी शाबूत होती, बालपण आठवत होते, संभाषण नीट चाले. पण नवी आठवण टिकत नसे. मिलनर यांना तो वर्षानुवर्षे भेटत राहिला आणि प्रत्येक भेट त्याच्यासाठी पहिलीच असे. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा सराव त्याला काही दिवस दिला, तेव्हा हात मात्र रोज सुधारत गेला, आपण हे आधी केले आहे याचा पत्ता नसताना.

क्षणिक स्मृतीतून दीर्घकालीन स्मृतीत जाणारी वाट तुटली की काय होते, हे या रुग्णाने जगाला दाखवले. वरचे मडके ठीक, खालची मडकी ठीक, पण एकातून दुसऱ्यात ओतणारे कोणी नाही. एआय मदतनिसाची अडचण याच जागी आहे.

वॉल्टर रीडमधले महिने

सिलिमन व्याख्याने झालीच नाहीत. १९५५ च्या मार्चमध्ये नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि वॉशिंग्टनला राहायला आले. त्या उन्हाळ्यात डाव्या खांद्यात तीव्र वेदना सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा गळपट्टीच्या हाडात कर्करोग आढळला. तो इतरत्रून पसरलेला होता. काही महिन्यांत मणक्यापर्यंत पोहोचला. १९५६ च्या जानेवारीपासून ते चाकाच्या खुर्चीत आले. फेब्रुवारीत अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून पदक स्वीकारले ते खुर्चीत बसूनच. एप्रिलमध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात दाखल झाले, ते परत घरी आले नाहीत. येलच्या व्याख्यानांचे अपुरे हस्तलिखित त्यांनी सोबत नेले होते.

सुरुवातीला रुग्णालयात बैठका होत, सल्ले विचारले जात. देशाची अनेक गुपिते त्यांच्या डोक्यात असल्याने सेवेला गोपनीय कामाची परवानगी असलेली हवाई दलाची माणसे ठेवली होती. ग्लानीत भलतेच काही बोलून जाऊ नयेत, हा हेतू. स्मृती ही जोखीमही असते, याचे इतके उघड उदाहरण विरळा.

हळूहळू विचारशक्ती साथ सोडू लागली. त्यांची मुलगी मरिना तेव्हा विशीत होती. सात अधिक चार अशा सोप्या बेरजा विचारून आपली परीक्षा घे, असे त्यांनी तिला सांगितले. काही मिनिटे तिने तसे केले, पुढे तिला ते सोसवेना आणि ती खोलीबाहेर गेली. आणि याच आजारपणात धाकटे बंधू गटेचे ‘फाउस्ट’ मूळ जर्मनमधून वाचून दाखवत, तेव्हा पान उलटायच्या आत पुढच्या पानाच्या ओळी नॉयमन स्वतःच म्हणत. खोल रुजलेले शिल्लक होते, हातातले निसटत होते. मित्रांना सर्वांत जड गेली ती त्यांची भीती. ज्याच्या असण्याचा अर्थच विचार करणे हा होता, त्याला विचार थांबण्याची कल्पना सोसत नव्हती. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूला बोलावून घेतले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हस्तलिखित १९५८ मध्ये येलने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्रस्तावना क्लारा यांनी लिहिली. हे लेखन केव्हा सुरू झाले, आजारपणात कसे थांबले आणि अपुरे का राहिले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. वाचकाला आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे पहिल्या पानापासून माहीत असते.

आजच्या मदतनिसांची वही

एआय मदतनिसाच्या बाबतीत उतरंडीचे वरचे मडके म्हणजे त्याची ‘कॉन्टेक्स्ट विंडो’. चालू सत्रातले संभाषण, उघडलेल्या फाइल्स, चाचण्यांचे निकाल हे सगळे तिच्यात असते. ती मर्यादित असते आणि सत्र संपले की रिकामी होते. प्रशिक्षणातून आलेले ज्ञान तळाशी असते, पण ते रोजच्या वापराने बदलत नाही. मधले मडके बाहेरून द्यावे लागते. त्याचे तीन मार्ग रुळले आहेत. पहिला, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची टिपणवही ठेवायची, जी मदतनीस प्रत्येक सत्राच्या आरंभी वाचतो. दुसरा, सत्र संपताना मदतनिसानेच काय ठरले, काय उरले याचा सारांश लिहून ठेवायचा. तिसरा, जुनी संभाषणे साठवून त्यातले प्रस्तुत प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून आणायचे.

तिन्हींत साठवण्यापेक्षा निवडणे अवघड आहे. सगळेच वहीत कोंबले तर वरचे मडके नोंदींनीच भरते, आणि नेमकी महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते. दुकानाच्या कीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार लिहिला जातो, खतावणीत खातेनिहाय तेवढेच उतरते. मदतनिसाच्या वहीलाही असा उतारा लागतो.

दुसरा धोका शिळ्या नोंदीचा. सहा महिन्यांपूर्वी खरे असलेले वाक्य आज चुकीचे असू शकते, पण मदतनीस ते तितक्याच विश्वासाने पाळतो. एखाद्या सत्रातला अंदाज निष्कर्ष म्हणून वहीत गेला, तर पुढची सगळी सत्रे त्यावर इमारत रचतात. तिसरा धोका सुरक्षिततेचा. पासवर्ड, ग्राहकांची माहिती यांसारख्या गोष्टी नकळत वहीत जाऊन बसतात. बाहेरच्या मजकुरातून कोणी खोडसाळ सूचना वहीत शिरवली, तर ती सत्रागणिक परत येत राहते. विसरणाऱ्या यंत्राची चूक सत्राबरोबर संपते. आठवणाऱ्या यंत्राची चूक मुक्काम करते.

म्हणून वहीतल्या प्रत्येक नोंदीला तारीख असावी, ती कोणी आणि कशावरून लिहिली ते कळावे, अंदाज असेल तर तसे म्हटलेले असावे, आणि ठरावीक काळाने माणसाने ती वाचून जुने खोडावे, असा सल्ला दिला जातो. नॉयमन यांच्या दोन अपुऱ्या लेखनांनी हेच दाखवले आहे. १९४५ चा मसुदा नावे आणि संदर्भांविना बाहेर पडला आणि त्यावरचा वाद त्यांच्या मृत्यूनंतरही दशके चालला. १९५८ चे पुस्तकही अपुरेच होते, पण ते किती अपुरे आहे हे सांगणारी प्रस्तावना क्लारा यांनी आधी जोडली होती.